पत्राच्या घडीतल्या चार ओळी

हे सगळं घडलं २०२३ साली. साल पक्कं सांगते, कारण त्याच वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पुरी झाली आणि सुईत दोरा ओवायला पिंकीला हाक मारायची गरज उरली नाही. पिंकी माझी सून, विश्वासची बायको. तिचं माहेर इथलंच, आलमबागचं. आमचं घर तेलीबागेत. ह्यांनी पेन्शनीनंतर इथल्या डेपोत नोकरी धरली आणि तेव्हापासून आम्ही लखनौचे झालो. हे म्हणजे सुभेदार आत्माराम. २००९ साली गेले.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर, एक मुलगी माइकपुढे उभी राहिली. नेत्रा तिचं नाव. वडील छावणीत कर्नल होते आणि ती स्वतः बडोद्याला चित्रकला शिकून आली होती. मराठी तिला सगळं समजे, पण तोंड उघडलं की हिंदी.

"आंटी लोग, आपके घरों में पुरानी चिट्ठियाँ होंगी। फौजवाली। मुझे वो चाहिए।"

मग तिनं समजावून सांगितलं. सहा कलाकारांचं मिळून एक प्रदर्शन ती भरवणार होती. त्यात फुलं, घोडे, बायका काही नाही, फक्त अक्षरं. ती पत्रातली एकेक ओळ माणसाएवढी मोठी करणार, मलमलीच्या लांब पट्ट्यांवर उतरवणार आणि आम्ही बायकांनी ती दोऱ्यानं भरायची.

शेजारी बसलेल्या लीलाताईंनी मला कोपरानं ढोसलं. "अक्षरांचं चित्र म्हंजे काय गं कमळे? दुकानाची पाटी?"

"असेल तसंच काहीतरी."

"मग पाटीला माझ्या नवऱ्याचं पत्र कशाला लागतंय? पेंटर मेला का गावातला?"

लीलाताईंचे यजमान बाळकृष्णभावजी आणि आमचे हे एका पलटणीत, एका कंपनीत होते. भावजी लखनौला आधी आले, त्यांनीच ह्यांना डेपोत लावून दिलं. ते २०१४ साली गेले. लीलाताई वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एकट्या राहतात. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, कोल्हापूर शहरातल्या. मी कोरेगाव तालुक्यातली. आमची पन्नास वर्षांची मैत्री, पण दोघींपैकी एकीनंही कधी दुसरीला आपली पत्रं दाखवली नव्हती.

पत्रांबद्दल सांगायला हवं. त्या काळी बायकोच्या नावानं वेगळं पत्र पाठवणं घरात शोभत नसे. पत्र यायचं मामंजींच्या नावे, निळं अंतर्देशीय. मामंजींना वाचता येत नव्हतं आणि मी सातवी झालेली, म्हणून वाचायची मीच. तीर्थरूपांना शिरसाष्टांग, पाऊसपाणी, बैल, मनिऑर्डर. हे सगळं मोठ्यानं वाचायची. शेवटी आतली घडी उलगडली की तिथं चार ओळी असायच्या. त्या माझ्या. त्या मी मोठ्यानं वाचत नसे. सासूबाई विचारायच्या, "संपलं?" मी म्हणायची, "संपलं." १९६८ ते ७१ अशी एकसष्ट पत्रं. म्हणजे चार-चार ओळींचा माझा संसार.

डिसेंबर ७१ मध्ये लढाईत ह्यांच्या उजव्या हाताला गोळी लागली. दोन महिने पत्र नाही. नंतर आली ती वेगळीच. वाकडं-तिकडं, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर आणि मजकूर तीन ओळींचा. "मी खुशाल आहे. काळजी नसावी. हात बरा होत आहे." घडीच्या आत कोरा कागद. मी समजले की हाताबरोबर माणसाचं मनही कुठंतरी जायबंदी झालं. घरी आले तेही मुके होऊन. बायका म्हणायच्या, लढाईनं असं होतं. मी ते मान्य केलं आणि त्या एकसष्ट पत्रांवर पुढची चाळीस वर्षं काढली. चांगला नवरा होता. बोलका मात्र फक्त कागदावर होता.

तर अशी पत्रं मी त्या मुलीला द्यायची का? माझा विश्वास बसेना. मी पिंकीला म्हटलं, "ही पत्रं घेऊन ती करणार काय? विकणार असेल."

"मम्मीजी, पुरानी चिट्ठी कौन खरीदेगा?"

"कुणी खरेदी करत नाही तर ती मागते कशाला?"

शेवटी मी बारा पत्रं काढली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं बारीक आकडा घातला आणि जुनाट नाडीनं बांधून माझ्या आईनं शिकवलेली गाठ मारली. ती गाठ सुटते, पण शिकल्याशिवाय पुन्हा बांधता येत नाही. वाकड्या अक्षरातली पत्रं मी मोजलीसुद्धा नाहीत. ती ट्रंकेच्या तळाशी राहिली.

प्रदर्शनाची जागा छावणीतल्या एका जुन्या बंगल्याचा हॉल होता. पहिल्या दिवशी गेले तेव्हा तिथं राजस नावाचा दाढीवाला मुलगा वर्तमानपत्राच्या पानांवर काळी शाई फासत होता. पानभर काळं करून मध्ये तीन-चार शब्द तेवढे सोडायचा. म्हणे हेच त्याचं चित्र.

मी नेत्राला बाजूला घेतलं. "हा माझ्या पत्रांना हात लावणार नाही ना?"

"नहीं आज्जी, वो सिर्फ अखबार लेता है।"

"आणि अखबार संपले की?"

राजस हसला. "आज्जी, अखबार रोज येतो." नागपूरचा निघाला. पण हसला म्हणून माझा संशय गेला नाही. हसून बोलणाऱ्या माणसाकडे मी दोनदा बघते.

गाठोडं परत मिळालं तेव्हा गाठ साधीच होती. मी बोलले तर नेत्रा म्हणाली, "वैसी गाँठ मुझसे बँधी ही नहीं। सिखाओगे?" आकडे मोजले. बाराच्या बारा होती. तिला मी गाठ शिकवली, पण ती माझ्यासमोर तीन वेळा बांधून घेतली.

तिची पद्धत मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू. चिकनकारीची तीच इथली रीत. ओळ मोठी करून बटर पेपरवर काढायची, अक्षराच्या कडेनं सुईनं भोकं पाडायची, कागद मलमलीवर ठेवून वरून नीळ पुसायची. कापडावर निळे ठिपके उतरतात. त्यावर आपण टाका घालायचा. इथं त्याला टेपची म्हणतात, आपला धावदोराच तो. भरून झालं की कापड धोब्याकडे जातं, नीळ धुऊन निघते आणि दोरा तेवढा राहतो. एकदा धुतलं की खाली काय आखलं होतं ते कुणी सांगू शकत नाही.

मी माझ्या पट्टीसाठी ओळ निवडली, "विहिरीवर एकटी जाऊ नकोस, दोर जुना झालाय." तीन आठवडे ती भरत होते. काळा दोरा घेतला होता. अक्षर एवढं मोठं झालं की त्याचे स्वभाव कळतात. 'ह' ची शेपटी खाली जाऊन बकरीच्या शेपटीसारखी वर वळायची. 'ज' चं पोट फुगलेलं. 'झ' तर ह्यांनी कायम दोन दमांत काढलेला, मध्ये हात उचललेला. दुपारी उन्हात बसून मी त्या वळणांवरून सुई न्यायची आणि मला वाटायचं, ह्यांचा हात हातात घेतलाय. जिवंतपणी तसा चारचौघांत कधी घेतला नव्हता.

माझी पट्टी धुवायला गेली आणि नेत्रा घरी आली. "आज्जी, लीलावती आज्जी को दिखता नहीं। उनकी पट्टी आप भर दोगे?" लीलाताईंनीही भावजींचं एक पत्र दिलं होतं, पण त्यांचे मोतीबिंदू पिकलेले आणि ऑपरेशनला त्या काही केल्या तयार नव्हत्या. चार टाके घालून त्यांनी पट्टी परत केली होती. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात पाट टाकून पट्टी उलगडली. ओळ आधी वाचली नाही. भरणारीनं वाचायचं नसतं, नाहीतर टाका घाईनं पडतो. मी डावीकडून सुरुवात केली. पहिलं अक्षर भरलं. 'झ' आला. सुई वर उचलली गेली, आपोआप, मध्येच, जिथं ह्यांचा हात उचलला जायचा तिथंच.

मी सुई टोचून ठेवली आणि ओळ वाचली.

"माझी शपथ आहे, चुलीपुढे बसताना पदर सांभाळ."

ही ओळ माझी होती. माझ्या सतराव्या पत्रात आहे, ऑगस्ट १९६९ च्या. शपथेसकट.

पिंकी चहा घेऊन आली. "क्या हुआ मम्मीजी? उँगली में लगी?"

"नाही. ऊन लागलं."

खोलीत जाऊन ट्रंक काढली, सतरावं पत्र पट्टीशेजारी ठेवलं. तोच 'झ', तीच बकरीची शेपटी. पन्नास वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या घरात माझ्या नवऱ्याच्या हातचं पत्र.

पुढचे दोन दिवस मी काय काय आठवलं ते सांगायला लाज वाटते. लीलाताई तरुणपणी दिसायला माझ्यापेक्षा उजव्या. फॅमिली क्वार्टर त्यांना माझ्या दोन वर्षं आधी मिळालं. तेव्हा हे त्यांच्याकडे जेवायला जायचे. आणि दिवाळी. दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट मी देवाला दाखवलं की हे म्हणायचे, "दुसरं बाळकृष्णाकडे. त्याचा मान आधी." आमच्या घरात कुणी खायच्या आत. मी एकदा विचारलं होतं, कसला मान? तर म्हणाले, "आहे." एवढंच. ताट घेऊन जायचे स्वतः. सायकलवर, एका हातानं ताट धरून. मला आता वाटायला लागलं, मान कुणाचा होता?

पिंकीनं जेवणावरून हाक मारली की मी दचकायची. ह्यांच्या फोटोला हार घालणं बंद केलं. विश्वासनं विचारलं तर म्हटलं, फुलं महाग झालीत.

पण हातात घेतलेलं काम टाकून देणं मला जमत नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी भरायला पुन्हा बसले. दोन-तीन आठवड्यांनी ओळ संपली. उजव्या कोपऱ्यात नेत्रानं तारीख उतरवली होती, पत्रावर होती तशी. "ता. १९-१-७२". सात भरून झाला, दोन भरत होते आणि मग एकदम लक्षात आलं.

जानेवारी ७२ मध्ये ह्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्या हातानं लिहिलेलं पत्र कुणालाही जाणं शक्य नव्हतं.

एका घटकेपुरती मला फार बरं वाटलं. मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. हे अक्षर ह्यांचं नाही, तर माझी पत्रं कुणी लिहिली?

पट्टी नेत्राकडे धुवायला धाडली आणि उद्घाटनाला दोन दिवस राहिले तेव्हा धीर करून ई-रिक्षानं वृंदावन योजनेत गेले. लीलाताई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. आवाजावरून मला ओळखलं.

"ये बाई. सरकारी तपासणीला आल्यासारखी पावलं टाकतीस. काय झालं?"

"पट्टी भरली तुमची. म्हटलं सांगावं." मी पाय वर घेऊन बसले. "भावजींचं अक्षर भारी होतं हो."

"व्हय तर. मास्तरचा पोरगा. सासरा छडी घेऊन गिरवून घ्यायचा." शेंगेची टरफलं त्यांनी खाली टाकली. "का गं? एवढ्या वर्षांनी नवऱ्याच्या अक्षराचं कौतुक, ते पण माझ्या?"

"सहज. नंतरचं काही आहे का त्यांच्या हातचं?"

"भजनाची वही हाय की. फ्रीजवर."

वही काढली. १९९२ साल, डेपोतल्या भजनी मंडळाची. पहिलंच पान उघडलं. तोच 'झ'. त्या साली इन्शुरन्सच्या कागदावर सही करताना ह्यांना घाम फुटला होता, तेही मला आठवलं. गोळीमुळे, असं मी समजत आले होते. चौथी पास माणूस. त्याला लिहिताना मी लढाईच्या आधी कधी पाहिलं होतं? लग्नानंतर एकवीस दिवसांची सुट्टी, मग वर्षातून एकदा यायचे. कधीच पाहिलं नव्हतं.

"सापडली का?" लीलाताईंनी विचारलं.

"सापडली."

"मग गप का झालीस? भजन म्हण एखादं."

मी शेंगा सोलायला बसले आणि काही बोलले नाही. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि रडायचं कारण सांगावं लागलं असतं. माझी एकसष्ट पत्रं तिच्या नवऱ्यानं लिहिली. ती नुसती हातानं लिहिली की मनानंही, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. "माझ्या बायकोला लिही रे काहीतरी" एवढंच हे म्हणाले असतील तर? आणि भावजींनी एकच गोड ओळ दोन बायकांना, दोन घरी, पोस्टात टाकली असेल तर? मग माझं असं काय राहिलं?

तिथून थेट छावणीत गेले. नेत्रा शिडीवर होती.

"माझी पट्टी उतरव."

"क्या हुआ आज्जी?"

"तिच्याखाली चिठ्ठीवर आत्मारामाचं पत्र असं लिहिलंयस. ते त्याचं नाही."

ती शिडीवरून उतरली. मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तिनं वळून दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मुझे थोड़ा लगा था। दोनों की लिखावट एक जैसी थी। मैंने सोचा एक ही स्कूल के होंगे।"

"लगा था आणि बोलली नाहीस? आणि वर दोन्ही शेजारी-शेजारी टांगल्यास?"

"हाँ," ती म्हणाली. "साथ में अच्छे लग रहे थे।"

बघा. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं हिला काहीतरी माहीत आहे. पण तिला माहीत होतं ते तिला कळलेलं नव्हतं. मी ओरडले. ती म्हणाली, परवा उद्घाटन, पट्टी काढली तर भिंत रिकामी दिसेल, पण आज्जी म्हणत असाल तर काढते. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "राहू दे. पण नावाची चिठ्ठी काढ." तिनं माझ्यासमोर काढली. पट्टी निनावी राहिली.

उद्घाटन डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी झालं. सकाळी अकरा वाजता, थंडी होती. राजसची काळी पानं एका भिंतीवर होती, दुसरीकडे कुणीतरी दुकानांच्या जुन्या पाट्यांचे नुसते कानेमात्रे कापून मांडले होते. समोरच्या भिंतीवर आमच्या बायकांच्या नऊ पट्ट्या वरून खाली सोडलेल्या. नीळ गेली होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं हलत होती. पिंकी माझ्याबरोबर होती, "मम्मीजी, आपका वाला सबसे सीधा है," म्हणाली.

लीलाताई शेजारणीचा हात धरून आल्या. वर्तमानपत्र त्यांना दिसत नव्हतं, पण एवढं मोठं अक्षर दिसत होतं. आपली पट्टी त्यांनी वाचली, हात लावला. मग मान वळवून शेजारची वाचली. माझी. पुन्हा वाचली. जवळ जाऊन 'झ' वर बोट फिरवलं.

"कमळे, हे कुणाचं?"

"माझं."

"हे बाळकृष्णाचं अक्षर हाय."

"हो."

"तुझ्या विहिरीची काळजी माझ्या नवऱ्याला कशापायी?" आवाज चढला. चार माणसं वळून बघायला लागली. "आणि तू परवा येऊन वही बघून गेलीस. शेंगा सोलून गेलीस. काही बोलली नाहीस!"

"काय बोलू, लीलाताई? माझ्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं, असं? मलाच तेव्हा कळलं. पंचावन्न वर्षांनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पांढुरक्या बुबुळांनी. मग त्यांचा राग कमी झाला, पण संशय गेला नाही. "म्हंजे तो सांगायचा आणि हा लिहायचा?"

"सांगायचा का, ते कोण जाणे. कदाचित भावजीच मनचं लिहीत असतील. तुमच्या ओळी मला, माझ्या तुम्हाला. ही तुमची पदराची ओळ माझ्याकडे पण आहे. शपथेसकट."

हे ऐकून त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या हसायलाच लागल्या.

"अगं तरीच!" त्या म्हणाल्या. "मला हे पत्र आलं तेव्हा मी कोल्हापुरात, माझ्याकडं वातीचा स्टो. चूल माझ्या माहेरी नव्हती, सासरी नव्हती. मी मनात म्हटलं, ह्या बाबाला आपल्या घरात चूल नाही एवढं पण आठवत नाही! आल्यावर विचारलं तर म्हणाला, असू दे, ओळ चांगली हाय. म्हणून मी ठेवली. चांगलीच हाय."

मी उभी होते ती तिथल्या बाकावर बसले. पिंकीनं पाणी आणलं.

माझ्या डाव्या हातावर, कोपरापासून वर, भाजल्याचा डाग आहे. सगळ्यांना मी एकच सांगत आले, कढईतलं तेल उडालं. लीलाताईंनाही तेच. खरं असं की लग्नानंतरच्या त्या एकवीस दिवसांच्या सुट्टीत, चुलीपुढे माझ्या पदरानं पेट घेतला. ह्यांनी घोंगडं टाकून विझवला. सासूबाईंनी दारं लावली आणि दोघांना बजावलं, ही गोष्ट ह्या घराबाहेर जाता कामा नये, लोक म्हणतील सुनेला जाळत होते. मामंजी रानात होते, त्यांनासुद्धा तेलच सांगितलं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं आणि त्यांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. मी उघडलं नाही. म्हणजे पदर सांभाळ असं सांगणारा माणूस जगात एकच होता.

मी लीलाताईंचा हात धरून माझ्या त्या डागावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालाही. पिंकीनंही ऐकलं. तिला पंचवीस वर्षं ते तेलच होतं.

लीलाताईंनी त्या डागावरून बोटं फिरवली. "म्हंजे ती ओळ आत्मारामभावजींची," असं म्हणाल्या. "आणि माझ्या नवऱ्यानं ती उचलून मला पाठवली."

"त्यांना आवडली असेल."

"मास्तरचा पोरगा, आणि नक्कल करतो!" पण त्यांचा चेहरा उतरला होता. मला ते बघवेना. मी जिंकले होते आणि त्यात मला गोडी वाटत नव्हती.

"हे बघा," मी म्हटलं, "भावजींना रोज दहा जणांच्या बायकांना लिहायला लागत असेल. शंभर ओळी हाताखालून गेल्या असतील. तुमच्यासाठी त्यातली एकच उचलली."

"ते खरं." त्यांनी डोळे पुसले. "पण शपथ तरी स्वतःची घालायची!"

दोघी हसलो. लोकांना वाटलं असेल म्हाताऱ्या बिघडल्या. दिवाळीच्या ताटाचं मी त्यांना तिथंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी आत्मारामभावजींना विचारायची, इतकं कशाला आणता? ते म्हणायचे, ह्यानं माझं घर चालू ठेवलं. मला वाटायचं डेपोतल्या नोकरीबद्दल बोलतायत."

नेत्रा कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन आली. "आज्जी, आता नाव काय लिहू?" मराठीत बोलली. माझ्या पट्टीखाली लिहिलं, सांगणारा आत्माराम, लिहिणारा बाळकृष्ण. लीलाताईंना विचारलं तर त्या ठसक्यात म्हणाल्या, "माझ्या खाली बाळकृष्णच ऱ्हाऊ दे. पाठवणारा तोच हाय."

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्या फोटोला हार घातला आणि ट्रंकेच्या तळाची पत्रं काढली. वाकड्या अक्षरातली, मी कधी न मोजलेली. तेवीस निघाली. हॉस्पिटलात लिहून द्यायला बाळकृष्ण नव्हता, म्हणून ती ह्यांनी स्वतः लिहिली होती. डाव्या हातानं, चौथी पास माणसानं. मी त्यांना मुकेपणा समजत होते. खरं म्हणजे एकसष्ट पत्रं सांगून झालेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतः लिहावं लागलं, आणि आपल्या अक्षरात घडीच्या आत लिहायची त्याला लाज वाटली असणार. हा माझा अंदाज. ह्याला पुरावा नाही.

आता दोन वर्षं होत आली. लीलाताईंनी पुढच्या उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेतलं, एका डोळ्याचं, आणि पहिलं वाक्य मला बोलल्या ते "कमळे, तू किती म्हातारी दिसतीस!" यंदा त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. भजनाची वही त्यांनी जाताना माझ्याकडे ठेवली. दिवाळीत दुसरं ताट आता कुठं न्यायचं हे मला कळेना, तेव्हा पिंकीनं ते डब्यात भरून पुण्याला पाठवलं. ती मराठी वाचायला शिकलीय, ट्रंकेतल्या पत्रांवरच. राजस अजून वर्तमानपत्रं काळी करतो, दिल्लीत राहतो, आणि दिवाळीला मला एक पान पाठवतो. त्यात न काळा केलेला शब्द एकच असतो, आज्जी. नेत्राचे वडील बदलून गेले, पण ती लखनौतच राहिली, इथल्या चौक भागात एका चिकनच्या कारखान्याच्या माडीवर काम करते, आणि तिची गाठ आता माझ्यापेक्षा घट्ट बसते. नऊ पट्ट्यांपैकी सात ती गावोगाव घेऊन फिरते. आमच्या दोन आम्ही परत मागून घेतल्या.

मी दहावी पट्टी भरतेय. नेत्रानं उतरवून दिली, फुकट. अक्षर इतकं वाकडं आहे की टाका कुठून कुठं न्यावा ते नीळ असूनही कळत नाही. "मी खुशाल आहे" झालंय. "काळजी नसावी" अर्धं राहिलंय. माझ्याही हाताला आता कंप आहे, त्यामुळे अक्षरावर अक्षर बरं बसतं.